नावातला काना जपू या

मुलांनो, एक कागद घ्या आणि त्यावर दोन शब्द लिहा. पहिला 'राम' आणि दुसरा 'रमा'. दोन्हींत अक्षरे तीच, र आणि म. काना एकच. तो 'र'ला दिला की अयोध्येचा राजा होतो, 'म'ला दिला की विष्णूची लक्ष्मी होते. आता हेच दोन शब्द इंग्रजीत लिहा. इंग्रजी पुस्तकांत राम लिहिताना शेवटी बहुधा एक 'ए' जोडतात. त्यामुळे दोन्ही नावे आर, ए, एम, ए अशी अगदी एकसारखी दिसतात. काना कुठे होता ते वाचणाऱ्याला कळायला मार्गच उरत नाही.

ऐकायला ही गंमत वाटते, पण जिचे नाव रमा आहे तिला ही रोजची कटकट असते. इथल्या प्रायमरी शाळांत दिवाळीच्या सुमारास रामाची आणि सीतेची गोष्ट सांगतात, कधी तिचे छोटे नाटकही बसवतात. त्यामुळे ही चार अक्षरे टीचरना ओळखीची असतात, पण मुलग्याचे नाव म्हणून. रजिस्टर वाचताना त्या 'रामा' म्हणतात आणि मुलग्यांच्या बाजूला बघतात. वर्ग हसतो. असे चार वेळा झाले की मुलगी घरी येऊन म्हणते, "आई, मला शाळेत रोमाच म्हणू दे." आईबाबाही दमलेले असतात. "बरं, शाळेत रोमा, घरात रमा," असा तह होतो. काही वर्षांनी घरातही रोमाच राहते.

आमच्या शनिवारच्या वर्गात अशी नावे बदललेली मुले येतात, आणि प्रत्येक नावाची गोष्ट साधारण अशीच असते. म्हणून या अंकात आम्ही रमा या एकाच नावाविषयी लिहायचे ठरवले. तुमचे नाव दुसरे असेल, तरी वाचा. आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो: दुसऱ्यांच्या सोयीसाठी नाव बदलू नये. बदलायचेच असेल तर ज्याचे नाव आहे त्याने, त्याचा अर्थ पुरता समजून घेऊन बदलावे.

अर्थ काय?

रमा हे लक्ष्मीचे नाव. संस्कृतमध्ये 'रम्' असा धातू आहे. त्याचा अर्थ आनंदात असणे, मन लागणे, थांबून सुख घेणे. हा धातू आपण मराठीत रोज वापरतो. बाळ खेळण्यांत रमते, आजी नातवंडांत रमते, बाबा क्रिकेटच्या मॅचमध्ये रमतात. तुम्ही इथे नव्या शाळेत गेलात तेव्हा आजीने फोनवर विचारले असेल, "रमलीस का गं शाळेत?" त्या प्रश्नात हेच नाव लपलेले आहे.

याच धातूपासून राम झाला, म्हणजे राम आणि रमा ही एकाच घरची नावे. रम्य, रमणीय, मनोरमा, रममाण हे शब्दही त्याच घरचे. इतकेच काय, वाक्याच्या शेवटी आपण जो पूर्णविराम देतो, त्यातल्या 'विराम'मध्येही हाच धातू आहे. तिथे त्याचा अर्थ थांबणे असा आहे. तुमच्या ओळखीत एखादे रमेश काका असतीलच. रमेश म्हणजे रमा अधिक ईश, रमेचा पती, विष्णू. रमाकांतचाही अर्थ तोच. सचिन तेंडुलकरला क्रिकेट शिकवणाऱ्या आचरेकर सरांचे नाव रमाकांत होते. म्हणजे कितीतरी पुरुष आपल्या नावात रमा घेऊन फिरतात आणि त्यांना त्याची आठवणही नसते.

दिवाळीच्या आधीची, आश्विन वद्य पक्षातली जी एकादशी, तिचे नावही रमा एकादशी. ती झाली की वसुबारस आणि मग दिवाळी.

अजून एक गोष्ट मोठ्या मुलांसाठी. संस्कृत शिकताना शब्द चालवावे लागतात. सतराव्या शतकात वरदराज नावाच्या पंडिताने विद्यार्थ्यांसाठी 'लघुसिद्धान्तकौमुदी' हे व्याकरण रचले. त्यात आकारान्त स्त्रीलिंगी शब्द कसा चालतो हे दाखवायला नमुना म्हणून घेतला आहे तो 'रमा' हाच शब्द. रमा, रमे, रमाः असा तो चालतो, आणि हाक मारताना 'हे रमे' असे होते. मराठीत आजीने लाडाने किंवा रागाने "अगं रमे!" अशी हाक मारली तर ते व्याकरणाला धरूनच असते.

आता यातला विरोधाभास बघा. व्याकरणाच्या पुस्तकात स्त्रीचे नाव नमुन्याला होते, पण ते पुस्तक वाचायला स्त्रियांना मात्र बंदी होती. ती बंदी मोडणाऱ्या घरातली एक मुलगी पुढे इंग्लंडला आली, आणि तिचे नाव रमाच होते.

तीन रमाबाई

महाराष्ट्रात या नावाच्या तीन मोठ्या स्त्रिया होऊन गेल्या. तिघींना हे नाव वेगवेगळ्या रीतीने मिळाले, आणि आमचे म्हणणे त्यातूनच समजेल.

पहिल्या पंडिता रमाबाई. जन्म 1858. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून लोकांचा विरोध ओढवून घेतला होता. मुलीलाही संस्कृत मिळाले ते घरातच. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी देशभर हिंडल्या. 1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' व 'सरस्वती' अशा पदव्या दिल्या. पती लवकर वारले. 1883 साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला आल्या. मुलीच्या नावातही आईचे नाव आहे, हे तुमच्या लक्षात आले असेलच.

त्या उतरल्या वाँटेज या गावी, तिथल्या सेंट मेरी द व्हर्जिन या ख्रिस्ती भगिनींच्या मठात. हे गाव तेव्हा बर्कशायरमध्ये होते, आता ऑक्सफर्डशायरमध्ये आहे. भारतात जाणाऱ्या भगिनींना त्यांनी मराठी शिकवायचे आणि बदल्यात स्वतः इंग्रजी शिकायचे, असे ठरले होते. मुलांनो, आपण शनिवारी सकाळी कुरकुर करत मराठी शिकतो, तेव्हा हे आठवा. या देशात मराठीचे वर्ग एकशेचाळीस वर्षांपूर्वीही भरत होते, आणि मास्तरीणबाईंचे नाव रमा होते. पुढे त्या चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. तिथे त्या शिकल्याही आणि संस्कृत शिकवलेही.

सप्टेंबर 1883 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना 'मेरी रमा' असे नाव मिळाले. त्यावरून महाराष्ट्रात मोठे वादळ उठले, ते आज आपला विषय नाही. आपल्याला बघायचे आहे ते असे, की धर्म बदलला, देश बदलला, आजूबाजूची भाषा बदलली, तरी त्यांनी रमा हे नाव टाकले नाही. 1887 साली अमेरिकेत त्यांचे 'द हाय-कास्ट हिंदू वूमन' हे इंग्रजी पुस्तक निघाले, त्यावर नाव आहे पंडिता रमाबाई सरस्वती. आजही चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिलला त्यांचे स्मरण करतात. तिथे त्यांचा उल्लेख 'पंडिता मेरी रमाबाई' असा आहे. मेरीच्या एका बाजूला पंडिता आणि दुसऱ्या बाजूला रमाबाई. इंग्रजांच्या चर्चला ही दोन्ही नावे लिहिता येतात, तर शाळेच्या रजिस्टरला का येऊ नयेत?

दुसऱ्या रमाबाई रानडे. त्यांचे माहेरचे आडनाव कुर्लेकर आणि माहेरचे नाव यमुना. 1873 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. पुढे त्या लिहायला-वाचायला शिकल्या, पुण्यात सेवासदन उभे केले, 1910 साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक लिहिले. रमा हे नाव त्यांनी पूर्ण आपलेसे केले, त्याला मोठेपणा आणला. पण ते त्यांनी निवडले नव्हते. त्याच काळातल्या डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्यांचेही माहेरचे नाव यमुनाच. लग्नात त्या आनंदी झाल्या. दोन यमुना अशा दोन घरांत गेल्या आणि दोघींचे नाव मागे राहिले.

तिसऱ्या रमाबाई आंबेडकर. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर लंडनला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन येथे शिकत होते, तेव्हा रमाबाई मुंबईत अतिशय गरिबीत संसार ओढत होत्या. त्यांची बरीच मुले लहानपणीच गेली. बाबासाहेब 1921-22 च्या सुमारास उत्तर लंडनमधल्या किंग हेन्रीज रोडवरच्या 10 नंबरच्या घरात राहत होते. ते घर 2015 साली महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. तिथे आता त्यांचे स्मारक आहे. तुम्ही ते बघायला जाल तेव्हा, त्यांना इथे निवांत वाचता यावे म्हणून तिकडे कष्ट करणाऱ्या रमाबाईंचीही आठवण ठेवा. 1935 साली त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हे पुस्तक त्यांच्या स्मृतीला अर्पण केले, आणि तिथे नाव लिहिले ते 'रामू'. हे घरातले, प्रेमाचे नाव. लाखो लोक मात्र त्यांना 'रमाई' म्हणतात. रमा आणि आई मिळून एक शब्द. महाराष्ट्रात गरिबांच्या घरकुलांसाठी शासनाची जी योजना आहे तिचेही नाव रमाई आवास योजना.

म्हणजे बघा, एक नाव जपले गेले, एक नाव वरून दिले गेले, आणि एक नाव प्रेमाने वाढत वाढत रमाई झाले.

तांदळाचे ताट आणि शाळेचे रजिस्टर

पालकहो, आता थोडे तुमच्याशी.

आपल्याकडे लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नव्या नवरीचे नवे नाव लिहायची पद्धत आहे. आपल्यापैकी कित्येकांच्या आज्यांची नावे अशी बदलली. कुणाला विचारले जात नसे. माहेरी गेल्यावर जुन्या नावाने हाक मारणारे जितके दिवस जिवंत, तितके दिवस ते नाव जिवंत. आज आपण ही चाल मागासलेली म्हणतो आणि आपल्या मुलींवर ती लादू देणार नाही असेही म्हणतो. ते बरोबरच आहे.

पण मग शाळेच्या रजिस्टरपुढे आपण इतके पटकन का वाकतो? तिथे रमाची रोमा होते, अनिरुद्धचा अँडी होतो, तेव्हाही ज्याचे नाव आहे त्याच्या आनंदासाठी ते होत नाही. ते ज्यांना म्हणायला जड जाते त्यांच्या सोयीसाठी होते. सासरच्या सोयीसाठी बदललेले नाव आणि रजिस्टरच्या सोयीसाठी बदललेले नाव, या दोहोंत आम्हाला फारसा फरक दिसत नाही. उलट शाळेतला बदल जास्त फसवा आहे, कारण इथे मूल स्वतःच मागते. पण मागते ते हसण्याला कंटाळून.

यावर काही पालक म्हणतात, "अहो, ही मुले इथेच राहणार, इथेच नोकरी करणार. नावावरून अडायला नको." ही काळजी खोटी नाही, आणि ज्यांना ती वाटते त्यांना नावे ठेवायचा आमचा हेतू नाही. मूल जन्मल्यावर दोन्हीकडे चालेल असे सोपे नाव ठेवले तर त्यात काहीच वावगे नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 42 दिवसांत आणि स्कॉटलंडमध्ये 21 दिवसांत जन्माची नोंद करावी लागते. तेवढ्या अवधीत हवा तितका विचार करा, इंग्रजी स्पेलिंग मोठ्याने वाचून बघा, भारतातल्या आत्याला फोनवर विचारा. पण एकदा बारसे झाले, नाव दिले, की मग ते त्या मुलाचे झाले. ते हळूच काढून घेऊ नये.

शिवाय आमचा अनुभव असा की इंग्रज माणसाला आपले नाव येत नाही यापेक्षा त्याला ते कुणी नीट सांगितलेलेच नसते. आपणच शाळेच्या दारात मुलाचे नाव इंग्रजी हेल काढून सांगतो. आईच 'रॅमा' म्हणाली तर टीचर 'रमा' कुठून म्हणणार? या देशातल्या लोकांना लेस्टर आणि वुस्टर यांची स्पेलिंगे पाठ असतात, वेल्समधल्या गावांची नावे येतात. दोन अक्षरांची रमा त्यांना जड नाही.

मग काय करायचे?

एक. नाव म्हणायला शिकवा. 'र'वर काना नाही, तो स्वर अगदी छोटा. लंडनकडची माणसे 'कप' किंवा 'बस' म्हणताना जो स्वर काढतात त्याच्या जवळचा. लीड्स-मँचेस्टरकडे मात्र हे उदाहरण चालत नाही, कारण तिकडे 'बस'चे जवळजवळ 'बुस' होते. तिथे 'अबाउट' या शब्दातला पहिला स्वर सांगा. 'मा' मात्र लांब. टीचरना सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच एका चिठ्ठीवर हे लिहून द्या. त्या रागावत नाहीत, उलट बहुतेकींना ते हवेच असते.

दोन. मुलाला नावाचा अर्थ सांगा, आणि तो नुसता "लक्ष्मीचे नाव" असा एका वाक्यात उरकू नका. कुणी ठेवले, का ठेवले, घरात आधी कुणाचे होते, त्या नावाची कोण माणसे होऊन गेली, हे सांगा. "तुझ्या नावाचा अर्थ काय?" असे वर्गात कुणी विचारले आणि मुलीला "जिच्यामुळे मन रमते ती" असे सांगता आले, तर हसणारी मुलेच उद्या स्वतःच्या नावाचा अर्थ शोधायला लागतील.

तीन. लाडाची नावे खुशाल ठेवा. रमू म्हणा, रमी म्हणा, रमाबाय म्हणा. लाडाचे नाव मूळ नावाच्या कडेवर बसते. सोयीचे नाव मूळ नावाला घराबाहेर काढते. फरक एवढाच, पण तो मुलांना कळतो.

चार. मूल मोठे झाले आणि त्याने विचारपूर्वक वेगळे नाव मागितले, तर अडवू नका. सोळा वर्षांनंतर इथला कायदाही त्याला डीड पोलने नाव बदलू देतो. पण तोपर्यंत जे सोडायचे ते काय आहे, हे त्याला माहीत असू द्या. न वाचता फेकलेले पत्र आणि वाचून बाजूला ठेवलेले पत्र यांत फरक असतो.

आमच्या वर्गापुरते आम्ही ठरवले आहे, की या सत्रापासून हजेरी देवनागरीत लिहायची आणि प्रत्येक नाव काना, मात्रा, वेलांटीसकट पूर्ण वाचायचे. कुणाचे नाव आमच्याकडून चुकले तर मुलांनी हात वर करून थांबवावे. ही मुभा शिक्षकांनी दिली आहे, उद्धटपणा समजला जाणार नाही.

आणि मुलांनो, पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून आम्हाला पाच ओळी हव्यात. स्वतःचे नाव देवनागरीत मोठे लिहा. त्याखाली अर्थ लिहा. ते कुणी ठेवले ते लिहा. आजी-आजोबांना फोन करून विचारले तर जास्त माहिती मिळेल. कुणाची आजी लग्नाआधी वेगळ्या नावाची असेल, तर तिचे ते जुने नावही लिहून आणा. ते आपण वेगळ्या चौकटीत छापू.

कागद अर्ध-सत्राच्या सुट्टीच्या आधी, शनिवारी, वर्गात द्यावेत. शाई गडद असावी, म्हणजे फोटोकॉपी नीट येते. आणि काना विसरू नये.